आज क्लचची हवा काढली

महिनाभरापासून गाडीचा क्लच दाबला का पाय ओल्या कापसाच्या गंजीत गेल्यासारखा वाटे अन रिव्हर्स टाकताना कर्रकर्र आवाज. एका गॅरेजवाल्यानं तर पाह्यताच सांगतलं का पूर्ण क्लच सेट बदला, मले काई पटलं नाही. हायड्रॉलिक क्लच आहे ना, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, केबल नाही, पेडल मऊ झालं तर आधी लाइनीतली हवा अन ऑइल पाहा लागते. आज वावरातून लवकर आलो, क्लच ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तं ऑइल चहासारखं काळं! क्लचमधीबी ब्रेक ऑइलच असते, अन हे ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून दर 2 वर्षानं बदलाच. मग पोराले पेडलवर बसवलं, म्या खाली स्लेव्ह सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबानं क्लच ढकलणारा खालचा सिलिंडर) निपलाले, म्हणजे हवा काढाच्या स्क्रूले, पारदर्शक नळी लावली, दाब म्हटलं का निपल सैल, निपल कसलं का मगच सोड, अन मधामधात डबी भरत राहायची, ती रिकामी झाली का पुन्हा हवा शिरते. बुडबुडे निंघता निंघता संध्याकाळ झाली. पण पेडल! वरतूनच पकडते आता, गिअर लोण्यासारखा, दारव्ह्यापर्यंत उगाच चक्कर मारून आलो, लय बरं वाटलं. झाकणावर ब्रेक ऑइलचा जो प्रकार लिहिला असन, डॉट 3 का डॉट 4, तेच टाका, इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगून खराब होतात. अन रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.