गुंड्याच्या पहिल्या वर्षाचा हिशोब

पहिल्या वर्षी गुंड्यावर 31,800 रुपये गेले. बोका फुकट मिळाला होता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. यूपीआयने पैसे देताना दर वेळी शेऱ्यात ‘गुंड्या’ लिहायची सवय लावून घेतली, म्हणून हा आकडा तरी सापडला.

आई म्हणाली होती, "मांजराला कसला आलाय खर्च? दूधभात घाल." पण मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, आणि त्यांना लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य मिळतं मांस-मासळीतून, भातातून नाही. सुक्या खाद्याचं सात किलोचं पोतं दोन हजारांना येतं आणि चार महिने पुरतं. वर्षाचे सहा हजार, वर उकडलेल्या चिकनचे साडेतीन हजार. खाणं आटोपलं.

खरं चिडवतं ते लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायचा भर! मातीचं, गोळे होणारं लिटर महिन्याला सहाशेचं लागायचं, शिवाय घरभर कचकच. सहा महिन्यांनी लाकडी पेलेट्स, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्या आणल्या. ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो, तो चाळून काढायचा. महिन्याचा खर्च साडेतीनशेवर आला. गुंड्याने आठवडाभर ट्रेकडे तुच्छतेने पाहिलं, म्हणून जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत गेले. लिटरचे एकूण 5,700.

डॉक्टरांकडे 7,100. त्यात तीन रोगांच्या एकत्रित लशीचे दोन डोस 1,800, रेबीजची लस 300, नसबंदी 3,500 आणि उरलेले तपासणीचे नि जंतांच्या औषधाचे. बोक्याचं ऑपरेशन सोपं असतं. मांजरीचं पोट उघडावं लागतं, त्यामुळे तिचा खर्च जास्त. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे हेच बरंच स्वस्तात होतं, मात्र नंबर लागायला वेळ जातो. पुणे महापालिकेने 2022 साली मांजरांनाही परवाना सक्तीचा केला. त्याचं शुल्क किरकोळ, ते मी धरलेलं नाही.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा घरी येऊन खायला घालणाऱ्या मुलीला 3,200 दिले. बाल्कनीची जाळी, ट्रे आणि दवाखान्यात न्यायची पेटी मिळून 6,300. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने जाळीत काटकसर करू नये, मांजर पाखरामागे बेधडक उडी मारतं.

यातलं जाळी-पेटी आणि नसबंदी पुन्हा नाही, लशीचाही वर्षाला एकच डोस. त्यामुळे दुसरं वर्ष वीस हजारांच्या आत बसेल. मात्र शेजारच्या बोक्याची लघवी तुंबली, तेव्हा कॅथेटर, सलाइन आणि दवाखान्यातला मुक्काम धरून पंधरा हजारांच्या वर बिल झालं. बोक्यांना हा त्रास जास्त होतो. तेव्हापासून मी दरमहा पाचशे रुपये वेगळे टाकते आणि गुंड्याच्या पोटात जास्त पाणी जावं म्हणून चिकन ज्यात उकडलं ते पाणीही त्याच्या खाण्यात घालते, मीठ-हळद न घातलेलं.