आमची वाटचाल : कॉलनीचा नकाशा, आमची मोजणी

सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ९ फेब्रुवारी १९९८ ला अस्तित्वात आली. मोजणी आणि नकाशांचं आमचं ऑफिस त्याच्या थोडं आधी विश्रामबागेत सुरू झालं होतं. एक डंपी लेव्हल (उंची-सखलपणा मोजायची दुर्बीण), एक जुना थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र), साखळी आणि अण्णा. अण्णा भूमी अभिलेखमधून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. भांडवल माझं, डोकं त्यांचं. भागीदारीचा कागद आम्ही केला नाही, पण ते होते तोवर निम्मा नफा त्यांच्या घरी पोचत राहिला.

सांगलीत मोजणीवाल्याला खरं काम दिलं ते गुंठेवारीनं. शेतजमिनीचे ३३ बाय ३३ फुटांचे, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे, विकणाऱ्यानं सोडला तेवढाच रस्ता, गटार नाही, मोकळी जागा नाही. शामरावनगरसारख्या सखल भागात खाली काळी माती. पाणी मुरत नाही आणि उतार नाही म्हणून वाहतही नाही. असे प्लॉट नियमित करून घ्यायचा २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि गल्लीगल्लीला मोजणी नकाशा लागायला लागला. कॉलन्यांच्या मंडळांशी आमचा संबंध तिथून जुळला.

बाकीचे मोजणीवाले नियमितीकरणाचा नकाशा दिला की मोकळे व्हायचे. अण्णांनी मात्र पहिल्यापासून मंडळांना एक गोष्ट शिकवली. शहराच्या विकास आराखड्यात आपल्या वस्तीत आरक्षण (बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) कुठलं, आखणीतला रस्ता कुणाच्या घरावरून जातो, ओढा कुठे दाखवलाय, हे लोकांनी स्वतः नकाशावर बोट ठेवून सांगितलं पाहिजे. नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यात प्रारूप, म्हणजे कच्च्या आराखड्यावर हरकती-सूचना द्यायला ३० दिवस असतात, पुढे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नुसता सह्यांचा कागद तिथे टिकत नाही. गट नंबर घातलेला, प्रमाणात काढलेला, पातळ्या लिहिलेला नकाशा समोर पसरला की समितीतला माणूस पुढे वाकून बघतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक म्हणजे एका कॉलनीच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, मंडळाच्या चिटणीस. घरटी वर्गणी काढून आमची फी द्यायच्या, दहा-वीसच्या नोटा रबर लावून आणायच्या आणि पावती घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. २००५ च्या पुरानंतर त्यांनी गल्लीगल्लीत पोरं पाठवून, पाणी जिथवर आलं तिथे भिंतींवर ऑइलपेंटच्या खुणा करून घेतल्या. मग आमच्याकडे आल्या. "दादा, ह्या सगळ्या खुणा एका कागदावर आणून द्या."

ते काम मी कधी विसरणार नाही. डंपी लावायची, स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली पट्टी, खुणेशी धरायचा, वाचन वहीत घ्यायचं, पुढच्या चौकात यंत्र हलवायचं. बॅकसाइट आणि फोरसाइटची (मागच्या आणि पुढच्या वाचनांची) बेरीज शेवटी बेंचमार्कवर, म्हणजे माहीत असलेल्या उंचीच्या खुणेवर, येऊन जुळली नाही की अण्णा तो सगळा फेरा पुन्हा करायला लावायचे. "अरे, उद्या समोरचा वकील पहिली वहीच मागेल." वह्या आजही कपाटात आहेत. ट्रेसिंगवर शाईनं अर्ध्या अर्ध्या मीटरच्या समपातळी रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ओढल्या, चुकलेली रेघ ब्लेडनं हलकी खरवडून काढली, अमोनिया प्रिंट काढून कॉलनीच्या मारुतीच्या देवळात लावली. आपलं घर नकाशावर शोधायला रात्री उशिरापर्यंत माणसं येत होती.

त्यानंतर बरीच वर्षं काम बरं चाललं.

मग आला तो ओढ्याचा विषय. कॉलनीच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठच्या पट्ट्यावर उद्यानाचं आरक्षण होतं. ते बदलण्याचा प्रस्ताव त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघाला, हरकतींना महिन्याची मुदत. नकाशात ओढा एका बारीक रेघेएवढा. अण्णांनी जुना गावनकाशा आणि टिपणाच्या (मूळ मोजणीच्या कागदाच्या) नकला काढल्या. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीत न धरलेली जमीन) वर्ग 'ब' चं क्षेत्र होतं; रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कामाची जमीन त्यात धरतात. क्षेत्राला ओढ्याच्या लांबीनं भागलं की सरासरी रुंदी निघते. ती नकाशातल्या रेघेच्या कितीतरी पट होती. ओढा कागदावर अरुंद झाला की भराव पडतो आणि पाणी मागच्या गल्लीत शिरतं, हे बाईंच्या खुणांवरून स्वच्छ दिसत होतं.

त्याच सुमारास मुख्य रस्त्यावर काचेची केबिन थाटून एक सल्लागार बसले. नाव घेत नाही, सांगलीतल्या धंदेवाल्यांना ते ठाऊक आहे. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकदम मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र), प्लॉटर, रंगीत प्रिंट. त्यांनी मंडळांना सांगितलं, हरकती आम्ही फुकट करून देतो, वर्गणी कशाला काढता? छापील फॉर्म वाटले, खाली सही, वर मजकूर नंतर भरायचा. एकेक मंडळ तिकडे गेलं. आमच्याकडे तयार झालेली दोन्ही पोरंही जास्त पगारावर गेली. फुकट कुणी काम करत नसतं. त्या पट्ट्याच्या पलीकडच्या जमिनीच्या लेआउटचं कामही त्याच केबिनमध्ये चालू होतं, आणि फॉर्मवर भरला गेलेला मजकूर "आरक्षण बदलास हरकत नाही, फक्त रस्ता डांबरी करावा" असा होता. सुनावणीच्या नोटिसा घरी आल्यावर लोकांना तो वाचायला मिळाला.

तोवर आम्ही मोडीत निघालो होतो. नवं यंत्र घ्यायला पतपेढीचं कर्ज काढलं होतं, हप्ते थकले, यंत्र पडत्या भावानं विकलं. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. अण्णांनी स्वतः होऊन आपला हिस्सा घ्यायचं थांबवलं आणि उन्हात स्टाफ धरायला उभे राहायला लागले, त्या वयात. आलं तर फक्त बाईंचं काम येत होतं, तेही वर्गणीचं, हप्त्याहप्त्यानं.

सुनावणीत बाई उभ्या राहिल्या. टिपणाची नक्कल, सातबारा, पुराच्या खुणांचा नकाशा, एकामागून एक. भाषण केलं नाही. ज्यांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या होत्या त्यांनीही तिथेच लेखी दिलं की तो मजकूर आमचा नाही. आरक्षण राहिलं. ओढा त्याच्या रुंदीनं दाखवला गेला.

पुढे परिसरातल्या मंडळांनी मिळून सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ त्या सल्लागारांना मिळालं. मंचामागे मोठा रंगीत नकाशा लावला होता. मी जवळ जाऊन पाहिला. उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक, म्हणजे नकाशा करणाऱ्याच्या नावाची चौकट, त्यांचा, पण उत्तर दिशेचा बाण अण्णांचा. अण्णा बाणाच्या डाव्या अंगाला तीन आडव्या बारीक रेघा द्यायचे, सरकारी नोकरीतली सवय. तो बाण आणि आमच्या वहीतल्या पातळ्या, दशांशासकट, सगळं आमच्या ट्रेसिंगवरून उतरवलेलं. बाईंनी माइकवर आमचं नाव घेतलं, तेव्हा निम्मे लोक जेवणाकडे वळले होते. इतक्या वर्षांनीही मला ते खुपतं. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांना बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

२०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या जुन्या खुणाही बुडाल्या. ओसरल्यावर पुन्हा खुणा, पुन्हा लेव्हल. आता ऑटो लेव्हल आहे, डीजीपीएस (उपग्रहावरून जागा अचूक ठरवणारं यंत्र) आहे, ड्रोनचं काम बाहेरून करून घेतो. मंडळं आता एक तक्ता मागतात : आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, मग माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागेल? आम्ही करून देतो, आणि खाली लिहितो की नदीच्या पाण्याला उतार असतो, ओढ्यातून उलटं येणारं पाणी वेगळं, त्यामुळे हा अंदाज धरा. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा प्लॉट दोन्हींच्या कुठे बसतो ते मोबाइलच्या नकाशावरून ठरवू नका.

मंडळांच्या पोरांना आणखी एक सांगतो. आरक्षण टिकलं म्हणून फटाके वाजवून घरी बसू नका. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत की आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. २०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत १२ महिने होती. तुमच्या बागेची १० वर्षं कधी भरतात ते मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि त्याच्या दोन वर्षं आधीपासून संपादनासाठी लेखी पाठपुरावा लावा.

हरकत एका कागदावर एकच घ्या. गट नंबर घाला, नकाशा जोडा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, फॉर्म देणारा ओळखीचा असला तरी. आणि मोजणी करून घ्यायची असेल तर मुदतीच्या पहिल्या आठवड्यात या. शेवटच्या दोन दिवसांत आलेल्या मंडळाला मी परत पाठवतो, कारण फेरा जुळवल्याशिवाय आमच्या ऑफिसातून नकाशा बाहेर जात नाही.