बेसबॉलमधला कर्व्हबॉल (फलंदाजापुढे खाली वळणारा चेंडू): १३-१४ वयोगट, आठवा आठवडा

पहिले सहा आठवडे फक्त फास्टबॉल (सरळ, वेगवान) आणि चेंजअप (त्याच हाताने, पण हळू येणारा). कर्व्ह सातव्या आठवड्यात दिला, तोही ज्यांचा फास्टबॉल दहापैकी सहा वेळा कॅचरच्या (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) ग्लोव्हवर जातो त्यांनाच. बाकीच्यांनी थांबायचं. चेंडू वळवायच्या नादात फेक बिघडली की ती सुधारायला महिने जातात.

पकड अशी: मधलं बोट शिलाईलगत घट्ट, तर्जनी त्याला चिकटून नुसती टेकलेली, अंगठा खालच्या शिलाईवर. चेंडू तळव्यात रुतवायचा नाही. सोडताना तळवा स्वतःच्या डोक्याकडे आणि करंगळीची कड समोर, जसा भिंतीत खिळा ठोकतो तसा हात. मधलं बोट शिलाईला पुढून खाली ओढतं. हाताचा वेग फास्टबॉलचाच.

आपल्याकडची पोरं लेगस्पिन टाकतच मोठी होतात, म्हणून इथेच चुकतात. बाटलीचं झाकण उघडावं तसं मनगट आणि कोपर पिळतात. मग चेंडू हातातून वर उडतो, आडवा फिरतो, फलंदाजासमोर तरंगतो आणि झटका कोपराच्या आतल्या बाजूला बसतो. ओळखायला सोपा उपाय: चेंडूभोवती लाल मार्करने एक पट्टा काढा. ९-१० मीटरवरून, एक गुडघा जमिनीला टेकवून १०-१५ हलके चेंडू टाकायला लावा. पट्टा सरळ उभा फिरला तर हात बरोबर आहे, डगमगला तर पिळलाय. पोराला स्वतःलाच दिसतं, ओरडावं लागत नाही.

कर्व्हने कोपर जातं, ही समजूत अर्धवट आहे. मोजमापांत नीट टाकलेल्या कर्व्हचा कोपरावरचा ताण फास्टबॉलपेक्षा जास्त आढळलेला नाही. खरा घात थकलेल्या हाताने टाकत राहण्यात आहे. या वयात कोपराच्या आतल्या उंचवट्याजवळची वाढीची कूर्चा अजून पक्की झालेली नसते आणि प्रत्येक फेक तिलाच ओढते. अमेरिकेतल्या 'पिच स्मार्ट' नियमांत १३-१४ वर्षांना दिवसाला ९५ पिचेसची (फलंदाजाला टाकलेल्या चेंडूंची) मर्यादा आहे. २१ ते ३५ टाकले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ किंवा जास्त असतील तर चार. पिचिंग करून त्याच दिवशी कॅचर म्हणून बसवायचं नाही.

आणि पिचेस मोजायच्या वहीत संध्याकाळचं क्रिकेटही लिहा. सकाळी ५० पिचेस टाकून पोरगं संध्याकाळी टेनिस बॉलच्या मॅचला सीमारेषेवरून जोरात थ्रो मारत असेल, तर विश्रांती कागदावरच राहते. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

माऊंडचंही (ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतात त्याचंही) बघा. पावसाळ्यात काळ्या मातीत पुढचा पाय रुततो किंवा घसरतो, अंग थबकतं आणि सगळा जोर हातावर येतो. पाय पडतो तिथली माती काढून मुरूम भरून धुम्मस करा.

कोपर आतून दुखलं की त्या दिवशी फेक बंद. बाम चोळून पुन्हा उभं करायचं नाही. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडेच.

पुढच्या आठवड्यात माऊंडवरून: ३० पिचेस, त्यात कर्व्ह फक्त ६.