हातचा चुकला आणि ऑयलर खोटा ठरला

२१४७४८३६४७ या आकड्याशी माझी ओळख भांडणातून झाली. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधला एक काउंटर रात्रीतून बिघडला. सकाळी बघतो तर उणे दोनशे चौदा कोटी आणि वर काही. ३२ बिटांत (बिट म्हणजे संगणकातली ० किंवा १ ची एक जागा) धन-ऋण दोन्ही पूर्णांक बसवायचे, तर वरची हद्द हीच. त्यात एक मिळवला की गाडी थेट उण्याच्या टोकाला. काउंटर ६४ बिटांचा केला, प्रकरण मिटलं. आकडा मात्र डोक्यातून जाईना. सहज चाळा म्हणून अवयव पाडायला गेलो, तर पडेचनात. मूळ संख्या निघाली!

२ चा ३१ वा घात, वजा १. घातांक मूळ असला की अशी संख्याही मूळच निघणार असं वाटतं, पण तसं नाही. ३१ च्या जागी ११ घाला, २०४७ येतात आणि ते २३ गुणिले ८९ असे सरळ फुटतात.

३१ चं प्रकरण ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये निकालात काढलं, संख्या मूळच आहे हे सिद्ध करून, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. सरधोपट मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. त्या आहेत ४७९२. पण या संख्येला एखादा मूळ विभाजक असलाच, तर त्याच्यातून १ वजा केल्यावर जे उरतं त्याला ६२ ने भाग जायलाच हवा. हे फर्मा या गणितज्ञाच्या ‘छोट्या प्रमेया’तून निघतं. शिवाय त्या विभाजकाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ उरणारेच उमेदवार राहतात. ६३, २४९ हे स्वतःच मूळ नाहीत, म्हणून गळतात. पहिला खरा उमेदवार ३११. असे सगळे मिळून फक्त ८४!

चौऱ्याऐंशी भागाकार म्हणजे काय मोठंसं, म्हणून परवा वही-पेन्सिल घेऊन बसलो. कॅल्क्युलेटर वापरायचा नाही असं ठरवलं (हट्ट, दुसरं काय). ३११ ने भागलं, बाकी ३५. मग एकदम १३०३, बाकी २२६. तिसरा १४८९. बाकी शून्य.

दोन मिनिटं मी नुसता बघत बसलो. अडीचशे वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मला तिसऱ्याच भागाकारात सापडलं? मग शेवटच्या अंकांकडे नजर गेली. भाजकाच्या शेवटी ९, माझ्या भागाकाराच्या शेवटी २. म्हणजे गुणाकार ८ वर संपणार. आणि संख्या तर ७ वर संपते. वजाबाकीत दोन ठिकाणी हातचा खाल्ला होता. खरी बाकी १९९.

अजून ८१ बाकी आहेत.