पेटीतला कोको आणि तंबूतल्या सहा रात्री

तंबू लावायच्या आधी जागा झाडून घ्यायची, ही माझी जुनी सवय. ब्रिब्री आदिवासींच्या एका घराच्या कोको बागेतही मी फांदी घेऊन पाचोळा बाजूला सारायला लागले, तशा घरातल्या आजी लगबगीने आल्या आणि माझा हात धरला. त्यांची भाषा ब्रिब्री, माझी स्पॅनिश मोडकीतोडकी, त्यामुळे त्यांच्या लेकीने समजावून सांगितलं. कोकोच्या फुलात मधमाशी शिरत नाही, ते फूल नखाएवढं असतं. परागीकरण करतात ती डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिलटं, आणि ती वाढतात याच ओल्या, कुजक्या पाचोळ्यात. पाचोळा झाडला तर फळ धरत नाही. मी सारलेला पाचोळा परत पसरला आणि तंबू घराशेजारच्या मोकळ्या जागेत हलवला.

हे मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकाच्या तालामांका भागात. राजधानी सान होसेहून बसने ब्रिब्री गाव, तिथून बांबू नावाची वस्ती आणि पुढे लांबट लाकडी होडीतून योर्किन नदीने वर तासभर. पाणी उथळ असेल तिथे होडीवाले इंजिन उचलून काठीने रेटत नेतात. जाताना डावा काठ पनामाचा, उजवा कोस्टारिकाचा. सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले त्यातल्या त्यात कोरडे महिने म्हणून मी ऑक्टोबर निवडला होता, तरी पहिल्याच रात्री पावसाने झोडपलं. तंबूखालची ताडपत्री मी तंबूपेक्षा मोठी घेतली होती. बाहेर राहिलेल्या कडेवर पाणी साचून ते सरळ माझ्या अंथरुणाखाली आलं. ताडपत्रीच्या कडा नेहमी तंबूखाली दुमडून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी मला खांबांवर उभारलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या उघड्या पडवीत तंबू लावायला सांगितलं, आणि उरलेल्या रात्री कोरड्या गेल्या. गमबूट मात्र घालण्याआधी उलटे करून आपटायचे, रोज, न चुकता. पहाटे साडेचारला हाऊलर माकडं ओरडायला लागतात. आवाज इतका खोल, की पहिल्या दिवशी मी श्वास धरून बसले होते.

मी रत्नागिरीकडची. फणस खोडालाच लागतो हे पाहत वाढलेली, म्हणून कोकोची फळं खोडाला चिकटलेली बघून घरच्यासारखं वाटलं. बाग म्हणजे आपल्या वाडीसारखीच मिसळ: वर उंच झाडं, मधे केळी, खाली सावलीत कोको. फळ फोडायला मी कोयता उगारला तर लेकीने थांबवलं. धारेने आतल्या बिया कापल्या जातात, म्हणून फळ लाकडाच्या दांड्याने ठेचून उघडायचं. आत पांढऱ्या गराने माखलेल्या तीसचाळीस बिया, फणसाच्या पावेसारख्या मधल्या दांड्याला लगडलेल्या. दांडा धरून बोटं खाली ओढली की सगळ्या एकदम निघतात. गर आंबटगोड, लिचीच्या जवळ जाणारा. चॉकलेटची चव तिथे औषधालाही नाही.

ती चव येते लाकडी पेटीत. आम्ही फोडलेल्या बिया पेटीत भरल्या, वर केळीची पानं झाकली आणि दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर ताडीसारखा वास. मग रोज लाकडी फावड्याने खालची बी वर, वरची खाली. चौथ्या दिवशी वास व्हिनेगरचा झाला होता आणि मी मनगटापर्यंत हात घातला तर आतून चटका बसला. त्या उष्णतेने आणि आंबटपणाने बीचा अंकुर मरतो, आणि तिथूनच पुढच्या चवीची सुरुवात होते. आजी रोज एक बी चाकूने उभी चिरून बघायच्या. जांभळी असेल तर पान परत झाकायचं. पाचव्या दिवशी कडेने तपकिरी आणि आत भेगा दिसल्या, तेव्हा त्यांनी होकारार्थी मान हलवली.

पेटीइतकंच काम बागेत. रोज सकाळी आम्ही फेरी मारायचो ती मोनिलिया शोधायला. ही बुरशी फळ आतून सडवते आणि मग वरून पिठासारखी पांढरी पूड धरते. ती उडण्याआधी फळ उतरवायचं. 1970च्या दशकाच्या अखेरीस ही बुरशी इथे आली आणि भागातल्या बागांच्या बागा बसल्या. बऱ्याच जणांनी कोको सोडला. या घराने झाडं ठेवली. ब्रिब्रींच्या श्रद्धेप्रमाणे कोको ही मुळात एक स्त्री होती, देव सिबूने तिचं झाड केलं. म्हणून त्याचं लाकूड चुलीत घालत नाहीत, आणि विधींसाठीचं पेय फक्त बायका करतात. कूळही आईकडून चालतं.

शेवटच्या संध्याकाळी आधीच्या खेपेच्या वाळलेल्या बिया चुलीवर भाजल्या, पाखडून टरफलं उडवली. मग आडव्या मोठ्या दगडावर दुसरा जड गोल दगड डावी-उजवीकडे झुलवत वाटायचं. पाट्यावर मी लहानपणापासून वाटलंय, पण इथे वरवंटा ओढायचा नसतो, तोल द्यायचा असतो. दहाएक मिनिटांत कोरडा भुगा आपोआप तुपकट झाला, पाण्याचा थेंबही न घालता. गरम पाण्यात कालवून आजींनी तो भोपळ्यासारख्या फळाच्या वाटीतून दिला. दूध नाही, साखर नाही. कडू, मागे किंचित आंबट. मी दोन वाट्या प्यायले.

निघायच्या सकाळी आमची खेप पेटीतून वाळवणावर काढली. तासाभरात आभाळ आलं, तसे आम्ही सगळे सरकतं छप्पर ओढायला धावलो. खाली होडीवाला हाका मारत होता. त्या बियांना अजून आठवडाभर ऊन लागणार होतं.