टिंब पुसणारं ॲप

"सगळ्या वह्यांचे मोबाईलवर फोटो काढलेत. आता रद्दीत घातल्या तर चालतंय न्हवं?"

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका दिवंगत गायन-शिक्षकांच्या घरी आज हे ऐकलं, आणि डोक्यातनं जाईना.

फोटो बघितले. स्कॅनिंग ॲपनं पान पांढरंशुभ्र करून टाकलेलं. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकाची खूण म्हणजे स्वराखाली एक टिंब. ॲपला तो डाग वाटतो, पुसून मोकळं. कोमल, म्हणजे उतरलेल्या स्वराखालची आडवी रेघ वहीच्या छापील ओळीत बुडते. मंद्रातला कोमल निषाद (नी) मध्य सप्तकातला शुद्ध होऊन बसला, की राग गेला कामातनं!

स्कॅन रंगीतच करा, ४०० डीपीआय, टिफ फाईल, 'सुधारणा' बंद. गंजलेल्या टाचण्या काढा, पण सुटी पानं ज्या वहीत सापडली तिथंच ठेवा. चीज, म्हणजे बंदिश, कुठल्या काळात शिकवली ते त्यावरनंच कळतं. सेलोटेप, लॅमिनेशन नकोच. आणि आपल्या पावसात दमट वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की बुरशी ठरलेली.

फीचे हिशेब, मिरजेच्या तंबोऱ्याच्या पावत्याही टाकू नका. गायक अल्लादियाखाँसाहेब नि गाण्याची संस्था देवल क्लब सगळ्यांना ठाऊक आहेत. पण पेठेतली शिकवणी कशी चालायची, ते या चिटोऱ्यांतच सापडणार.

तुमच्या माळ्यावर अशा वह्या आहेत का? टिंब वर आहे की खाली, तेही बघा. पलुस्कर पद्धतीत मंद्राचं टिंब स्वराच्या डोक्यावर असतं.