तेच दहा सेकंद

७ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबीची शर्यत मॅक्स व्हर्स्टापेनने जिंकली, पण फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद लँडो नॉरिसला मिळाले. नॉरिसचे गुण ४२३ आणि व्हर्स्टापेनचे ४२१. दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावच्या कोर्टाच्या आवारात आमच्या शेजारी टंकलेखनाचे टेबल चालवणारा तरुण माझी वाटच पाहत उभा होता. तो म्हणाला, "बघा की हो वकीलसाहेब, बार्सिलोनात ते दहा सेकंद दिले नसते तर आज कोण जिंकला असता?" पुकारा झाल्यामुळे तेव्हा मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही, कारण गेली कित्येक वर्षे मी मोटार अपघाताचे दावे चालवतो आणि कोणाची चूक, किती चूक व तिची भरपाई काय, हाच माझा रोजचा विषय आहे.

ज्यांनी ती शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी घटना थोडक्यात सांगतो. १ जून २०२५ रोजी स्पेनमध्ये बार्सिलोनाला, शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात, संघाने व्हर्स्टापेनला जॉर्ज रसेलला पुढे जाऊ देण्याची सूचना केली. पाचव्या वळणाआधी त्याने वेग कमी केला, रसेल शेजारी आला आणि त्याच क्षणी व्हर्स्टापेनने पुन्हा वेग घेऊन त्याच्या गाडीला धडक दिली. स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याला दहा सेकंदांची पेनल्टी दिली, म्हणजे तेवढी सेकंदे त्याच्या शर्यतीच्या वेळेत मिळवली, आणि परवान्यावर ३ दंडगुण लावले. रस्त्यावर पाचवा आलेला व्हर्स्टापेन निकालात दहावा झाला, म्हणजे १० गुणांऐवजी त्याच्या पदरी १ गुण पडला. गेले ९ गुण, आणि विजेतेपद हुकले ते २ गुणांनी.

आता हेच दहा सेकंद दुसरीकडे ठेवून पाहावेत. १८ जुलै २०२१ रोजी सिल्व्हरस्टोनला पहिल्याच फेरीत, कॉप्स या अतिवेगवान वळणावर, लुईस हॅमिल्टनच्या गाडीचे पुढचे चाक व्हर्स्टापेनच्या मागच्या चाकाला लागले. व्हर्स्टापेन ५१ जी एवढ्या जोराने टायरच्या भिंतीवर आदळला आणि त्याला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे लागले. चूक प्रामुख्याने हॅमिल्टनची, असा निर्णय झाला आणि त्याला दहा सेकंद मिळाले. टायर बदलायला थांबतात त्या पिट स्टॉपमध्ये जादा दहा सेकंद उभे राहून ते भोगून तो बाहेर पडला, एकेकाला मागे टाकत गेला आणि ५२ फेऱ्यांच्या शर्यतीत शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना शार्ल लक्लेरला ओलांडून जिंकला. २०२४ च्या ऑस्ट्रियात ६४व्या फेरीला व्हर्स्टापेन आणि नॉरिस पहिल्या स्थानासाठी भिडले आणि दोघांचेही टायर फुटले. नॉरिसची शर्यत तिथेच संपली. दोषी ठरलेल्या व्हर्स्टापेनला पुन्हा दहा सेकंद मिळाले. तो पाचवा आला होता आणि दहा सेकंद मिळवल्यावरही पाचवाच राहिला, कारण मागच्या गाडीपासूनचे अंतर त्याहून जास्त होते.

एका माणसाला याच शिक्षेने विजयापासून रोखले नाही, दुसऱ्या वेळी तिचा ओरखडाही उठला नाही आणि तिसऱ्या वेळी तिने हंगामाचा निकाल फिरवला. लोक स्टुअर्ड्सच्या निर्णयांत सातत्य नाही म्हणतात तेव्हा त्यांचा रोख बहुतेक वेळा दोष कोणाचा ठरवला यावर असतो. माझे मत वेगळे आहे. दोष ठरवण्याचे काम पूर्वीपेक्षा पुष्कळ नीट होऊ लागले आहे; बिघाड आहे तो शिक्षा जिथे जाऊन पडते तिथे.

दोष कसा ठरतो, हे आधी पाहू. प्रत्येक शर्यतीसाठी तीन किंवा चार स्टुअर्ड्स नेमले जातात. त्यांचा अध्यक्ष एफआयए ही मोटार क्रीडेची जागतिक संघटना नेमते, एक जण यजमान देशाच्या क्रीडा संस्थेचा असतो आणि २०१० पासून त्यांत एक माजी चालकही बसतो. त्यांच्यापुढे टीव्हीची दृश्ये, गाडीवरच्या कॅमेऱ्याची चित्रे, टेलिमेट्रीतून, म्हणजे गाडीतल्या सेन्सरांकडून, मिळणारी ब्रेक आणि स्टिअरिंगची नोंद, रेडिओवरचे बोलणे, असा सगळा पुरावा असतो. कसोटी अशी, की धडकेसाठी एकच चालक पूर्णपणे किंवा प्रामुख्याने जबाबदार आहे काय? नसेल तर ती शर्यतीतली सर्वसाधारण घटना मानून सोडून दिली जाते. २०२५ च्या जूनमध्ये एफआयएने आपली मार्गदर्शक तत्त्वे आणि शिक्षांचा तक्ता सर्वांसाठी जाहीर केला, हे फार चांगले झाले. त्यानुसार वळणात आतल्या बाजूने पुढे जाऊ पाहणाऱ्याला जागेचा हक्क हवा असेल, तर त्याच्या गाडीचा पुढचा आस एपेक्सच्या आधी आणि एपेक्सवर, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूवर, निदान दुसऱ्याच्या आरशाच्या बरोबरीने असला पाहिजे.

हे मोजमाप मला जवळचे वाटते. आमच्याकडे ऊस गाळपाच्या दिवसांत संकेश्वर-निपाणी पट्ट्यात उसाने भरलेल्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकल्याचे दावे दरवर्षी येतात. अशाच एका दाव्यात मी स्वतः जागेवर गेलो होतो. पंचनामा कन्नडमध्ये होता. तो मी ओळीओळीने पक्षकाराच्या भावाला मराठीत सांगत होतो आणि तो टेपने अंतर मोजत होता. ट्रॉलीचे उजवे चाक डांबराच्या कडेपासून चार फूट आत. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टरवर मळीचा आणि धुळीचा थर इतका, की बोट फिरवल्याशिवाय खालचा लाल रंग दिसेना. आणि रस्त्यावर मोटारसायकलच्या ब्रेकची खूण कुठेही नव्हती, ही गोष्ट आमच्या विरुद्ध जाणारी होती. ट्रॅक्टरवाल्याचा दोष मोठा, पण आमच्या माणसाचाही थोडा, असे न्यायाधिकरणाने टक्केवारीत ठरवले आणि तेवढी रक्कम भरपाईतून वजा केली. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता.

शर्यतीत ही टक्केवारीची सोय नाही. प्रामुख्याने दोषी म्हटले की साठ टक्केवाला आणि शंभर टक्केवाला एकाच रांगेत उभे राहतात. त्याहून गंभीर म्हणजे अंदाज चुकणे आणि जाणूनबुजून गाडी घालणे यांत सेकंदांचा फरकच उरत नाही. २०२५ च्या ब्राझील ग्रांप्रीत ऑस्कर पिआस्ट्री आतून घुसला, त्याचे पुढचे चाक ब्रेकखाली अडकले, तो किमी अँटोनेल्लीला लागला आणि अँटोनेल्लीची गाडी लक्लेरवर गेल्याने लक्लेरची शर्यत संपली. ती जोखीम होती, अंदाज चुकला, हे मान्य. त्याला दहा सेकंद आणि २ दंडगुण मिळाले. बार्सिलोनातली धडक मला तरी अंदाज चुकल्याने झालेली वाटली नाही. ते वागणे योग्य नव्हते, असे व्हर्स्टापेनने दुसऱ्या दिवशी स्वतःच लिहिले. त्यालाही दहाच सेकंद, वर दंडगुण तेवढा एक जास्त. निष्काळजीपणा आणि हेतू यांना एकाच मापाने मोजणारा कायदा कुठे असेल असे मला वाटत नाही.

परिणामाचा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. धडकेचा परिणाम काय झाला हे न पाहता केवळ कृती पाहायची, हे स्टुअर्ड्सचे जुने सूत्र आहे. सिल्व्हरस्टोननंतर अनेक जण चिडले ते याचसाठी, की एकाला रुग्णालयात धाडणाऱ्याला दहा सेकंदच कसे? आपला फौजदारी कायदा तर परिणाम पाहतोच. बेदरकार गाडी चालवून कोणाला काही इजा झाली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली कमाल सहा महिने, आणि तशाच चालवण्यात माणूस दगावला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. तरीही शर्यतीपुरते मी स्टुअर्ड्सच्या बाजूचा आहे. कॉप्सच्या वळणावर व्हर्स्टापेनची गाडी भिंतीपाशी थांबण्याऐवजी नुसती गिरकी घेऊन पुढे गेली असती, तरी हॅमिल्टनने केलेली चूक तसूभरही बदलली नसती. परिणाम मोजायला लागले की मोठ्या गाडीचे नुकसान नेहमी मोठे दिसते. मलेशियात २०१२ मध्ये सेबॅस्टियन व्हेटेल आपल्या नारायण कार्तिकेयनला एक फेरी मागे टाकताना त्याला घासला, टायर फुटला आणि चौथे स्थान गमावून तो अकरावा आला. नंतर त्याने कार्तिकेयनला नको ते शब्द वापरले, आणि २० सेकंदांची शिक्षा झाली कार्तिकेयनला. त्या दृश्यात पुढे गेलेली गाडीच मागच्यावर सरकलेली मला आजही दिसते, आणि गमावलेल्या चौथ्या स्थानाचे वजन त्या निर्णयावर पडले असावे असे मला वाटत आले आहे.

पण परिणाम पाहायचा नाही हे सूत्र फक्त पीडितापुरते थांबत नाही. शिक्षेचा परिणाम काय होईल, तोही कोणी पाहत नाही, आणि इथेच सगळे घोडे अडते. २०२१ मध्ये इटलीतल्या मोंझात हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन दोघेही पहिल्या शिकेनमध्ये, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणात, बाद झाले. व्हर्स्टापेनची गाडी हॅमिल्टनच्या डोक्यावरच्या हॅलोवर, म्हणजे संरक्षक कड्यावर, चढली होती. व्हर्स्टापेनला पुढच्या शर्यतीत सुरुवातीच्या रांगेत तीन जागा मागे जाण्याची शिक्षा झाली. पुढच्या रशियातील शर्यतीत त्याच्या संघाने इंजिन बदलून घेतले, ज्यामुळे तो तसाही सर्वांत शेवटून सुटणार होता. तीन जागांची शिक्षा त्यातच विरघळून गेली आणि तो शेवटून सुटून दुसरा आला. नियमाबाहेर कोणी काही केले नाही. शिक्षा मात्र पोचलीच नाही.

माझे वडील चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावी बैलगाडी शर्यतीत पंच असत. २०१४ ची बंदी येण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. एका गटात एका गाडीवानाने आपली जोडी शेजारच्याच्या फाटीत, म्हणजे धावण्याच्या पट्ट्यात, घातली आणि त्या गाडीच्या जुवाची शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेजवळची खुंटी, मोडली. वडिलांनी खाली वाकून शिवळीचा तुकडा उचलला, मोडलेली बाजू बोटाने चाचपली. लाकूड कोरडे आणि आतून स्वच्छ होते, म्हणजे आधी तडा गेलेला नव्हता. मग त्यांनी फाटी सोडणाऱ्याला बाद केले आणि ज्याची शिवळ मोडली त्याला नवी शिवळ घालून पुढच्या गटात पळायला सांगितले. नुकसान झालेल्याचे काय, हा प्रश्न त्यांच्या निर्णयाचा अर्धा भाग होता. फॉर्म्युला वनमध्ये शर्यत पुन्हा पळवता येत नाही हे खरे, पण म्हणून ऑस्ट्रियात शून्य गुण घेऊन गेलेल्या नॉरिसच्या वाट्याला काहीच येऊ नये आणि दोषी माणूस आपल्या जागी तसाच बसावा, हे मला पटत नाही.

पंच बदलण्याचाही मुद्दा आहे. २०११ च्या सप्टेंबरात सिंगापूरला हॅमिल्टन आणि फेलिपे मासा भिडले तेव्हा शिक्षा हॅमिल्टनला झाली आणि पाच आठवड्यांनी, ३० ऑक्टोबरला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तेच दोघे पुन्हा भिडले तेव्हा मासाला. तेव्हा आमच्या ओळखीतला प्रत्येक जण चक्रावला होता. कदाचित दोन्ही निर्णय बरोबर असतील, पण ते समजून घ्यायला तेव्हा लोकांपुढे जाहीर तत्त्वे नव्हती आणि पंचमंडळही ठरलेले नव्हते. अजूनही हे काम करणारे वर्षभर फक्त हेच काम करणारे पगारी लोक नाहीत. जॉनी हर्बर्ट हे माजी चालक पंच असताना माध्यमांतही भाष्य करीत. २०२५ च्या जानेवारीत एफआयएने ही दोन्ही कामे एकत्र चालणार नाहीत असे सांगून त्यांना मुक्त केले, ते योग्यच झाले.

चूक सुधारण्याची वाट आहे, पण अर्धीच. २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या झँडव्होर्टला कार्लोस साइन्झ आणि लियाम लॉसन यांच्या धडकेत साइन्झला दहा सेकंद आणि २ दंडगुण मिळाले. त्याच्या संघाने गाडीवरच्या कॅमेऱ्यांची नवी दृश्ये पुढे करून फेरविचाराचा अर्ज केला आणि स्टुअर्ड्सनी मान्य केले की एकट्या साइन्झला प्रामुख्याने दोषी म्हणता येणार नाही. दंडगुण रद्द झाले. शर्यतीत भोगलेले दहा सेकंद मात्र परत देण्याची सोय नव्हती. अपिलात निर्दोष सुटलेल्या माणसाने तुरुंगात काढलेले दिवस कोणी परत करू शकत नाही, ते मी जवळून पाहिले आहे, म्हणून ही बातमी वाचताना मला वाईट वाटले.

मला हवी आहे ती व्यवस्था साधी आहे. धडक हेतुपुरस्सर होती, बेदरकारपणाने झाली की अंदाज चुकल्याने, हे निर्णयपत्रात स्पष्ट लिहावे आणि त्याप्रमाणे शिक्षा वेगळी असावी. दुसऱ्याची शर्यत संपवणाऱ्याची शिक्षा सेकंदांत न देता निकालातल्या जागांत द्यावी, म्हणजे मागे मोकळी जागा असली तरी ती चुकणार नाही. आणि जी शिक्षा दुसऱ्या कारणाने विरघळते, ती जिथे लागू पडेल त्या शर्यतीपर्यंत पुढे न्यावी. मागच्या रांगेतल्या चालकाला जागा गमावण्याचे फारसे भय नसते, हा या मागणीतला कच्चा दुवा मला दिसतो. त्याच्यासाठी दंडगुणांचा मार्ग आहेच. बारा महिन्यांत १२ दंडगुण झाले की एका शर्यतीची बंदी येते, आणि केव्हिन मॅग्नुसेन २०२४ मध्ये त्याचमुळे अझरबैजानच्या शर्यतीला मुकला.

टंकलेखनवाल्या तरुणाला मी संध्याकाळी उत्तर दिले. बार्सिलोनातले दहा सेकंद द्यायलाच हवे होते, माझ्या हाती असते तर मी त्याहून जास्त दिले असते, असे मी सांगितले. तो नाराज झाला, कारण तो व्हर्स्टापेनचा चाहता आहे. मग मी त्याला म्हटले की सिल्व्हरस्टोनची पेनल्टी घेऊन हॅमिल्टन पहिला येऊ शकला, हे तुला जितके लागले तितकेच मलाही लागले आहे. त्याने टंकलेखन यंत्रातला कागद काढून बाजूला ठेवला आणि मला ऑस्ट्रियाबद्दल विचारायला सुरुवात केली.